सेल्फ ‘टक्’ करतो, लाइट मात्र लख्ख लागते

नांदुरीत चहाला थांबलो होतो. वणीच्या गडावरून दर्शन घेऊन उतरलो होतो, गाडी गरम होती, दहा मिनिटांपूर्वी व्यवस्थित चालत होती. परत येऊन चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. डॅशबोर्डचे दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, आणि सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, मात्र एकदा टक् करून गप्प. टपरीवरचे चार जण उठून आले. “भाऊ, बॅटरी बसली,” एकाने निदान केलं. रस्ता उताराचा होता, सगळ्यांनी धक्का मारला, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उठली आणि आम्ही नाशिकला पोचलो.

पुढच्या दोन महिन्यांत त्या एका ‘टक्’वर माझे तेरा-साडेतेरा हजार गेले. आधी नवी बॅटरी टाकली. आठवडाभर बरं चाललं. मग सेल्फ उतरवून कार्बन आणि बुश बदलले. चार दिवस बरे गेले. मग इग्निशन स्विच. शेवटी नाशिकमधल्याच द्वारका चौकाजवळच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी पाना हातात घेण्याआधी मीटर काढला. एक वायर बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. “मारा सेल्फ.” मी चावी फिरवली. आकडा दिसला २.८ व्होल्ट. चाचा खाली वाकले आणि इंजिनवरून चासीकडे जाणारी, वेणीसारखी विणलेली तांब्याची पट्टी दाखवली. तिच्या बोल्टखाली हिरवट पांढरी पूड जमली होती. पाना, पॉलिश पेपर, वर थोडं व्हॅसलीन. दोनशे रुपये घेतले.

माझी गाडी २०१० ची डिझेल एसयूव्ही, दोन लाख चाळीस हजार किलोमीटर झालेली. पंधरा वर्षं भरली तेव्हा पेठ रोडला आरटीओत नेऊन नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, म्हणजे इतक्यात ती विकायचा विचार नाही. कंपनीचं नाव देत नाही, कारण खाली लिहिलंय ते त्या काळच्या जवळजवळ कुठल्याही डिझेल एसयूव्हीला लागू आहे. मी मेकॅनिक नाही. पण त्या तेरा हजारांनंतर एक सवय लागली: आधी मोजायचं, मग बदलायचं.

तर त्या ‘टक्’चा हिशोब. डिझेल एसयूव्हीचा सेल्फ सुरुवातीला दोनशे-तीनशे अँपिअर करंट ओढतो. हेडलाइटचा एक बल्ब ओढतो साधारण पाच. आता समजा, अर्थिंगच्या (म्हणजे करंट इंजिनवरून बॅटरीच्या मायनसकडे परत जाण्याच्या वाटेच्या) त्या गंजलेल्या सांध्यात फक्त ०.०१ ओहमचा अडथळा आहे. बल्बचा करंट तिथून जाताना ०.०५ व्होल्ट कमी होतो. डोळ्यांना फरक कळतही नाही. सेल्फ मारला, २५० अँपिअर निघाले, की त्याच सांध्यात अडीच व्होल्ट खपतात. बारा व्होल्टमधले अडीच गेले, वर बॅटरीचं व्होल्टेज त्या भाराखाली आपोआप पडतं ते वेगळं. सेल्फच्या वाट्याला आठच्या खाली काहीतरी उरतं. म्हणून ‘लाइट तर लागतेय’ हा पुरावा नाही. लाइट लागायला काहीच लागत नाही.

द्राक्षबाग असलेल्याला हे एका वाक्यात कळतं. ड्रिपचा व्हॉल्व्ह बंद असताना गेज पूर्ण प्रेशर दाखवतो. व्हॉल्व्ह उघडा, पाणी धावू द्या, आणि मग शेवटच्या ओळीतल्या ड्रिपरला काय मिळतंय ते बघा. फिल्टर चोक असेल तर तिथे कळेल. बॅटरीचं व्होल्टेज गाडी बंद असताना मोजणं म्हणजे व्हॉल्व्ह बंद ठेवून प्रेशर बघणं. थोडा उपयोग आहे, पण अर्धाच.

त्यामुळे तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि त्याला डीसी २० व्होल्टवर लावून ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ च्या आसपास दिसते. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि बॅटरीवरच मीटर धरा: आकडा ९.६ च्या खाली जायला नको. जातो आणि बॅटरी चार्ज केलेली असूनही जातो, तर बॅटरी म्हातारी. जात नाही आणि तरी सेल्फ फिरत नाही, तर अडथळा वाटेत आहे. मग चाचांची टेस्ट: मायनसच्या खांबापासून इंजिनपर्यंत, आणि प्लसच्या खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत. सेल्फ मारताना या दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ती वायर, तिचं टर्मिनल नाहीतर तिचा बोल्ट. मीटरचं टोक टर्मिनलच्या क्लॅम्पवर नको, शिशाच्या खांबावरच टेकवा. कित्येकदा दोष त्या दोघांच्या मधेच असतो.

आवाजही बरंच सांगतो. एकच दमदार टक् आणि मग शांतता: वायरिंग, अर्थिंग किंवा सोलेनॉइडचे, म्हणजे सेल्फवरच्या चुंबकी स्विचचे, आतले काँटॅक्ट. टक-टक-टक-टक अशी मशीनगन: बॅटरी रिकामी किंवा टर्मिनल ढिलं. अजिबातच आवाज नाही: रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारी डबी), स्विच, काही गाड्यांत क्लच पेडलचा स्विच. सेल्फ जोरात फिरतो पण गाडी उठत नाही, हा पूर्ण वेगळा आजार. तो डिझेलच्या बाजूचा, त्याकडे येतोच.

इंजिन चालू झालं की बॅटरीवर १३.८ ते १४.५ दिसायला हवं. तेवढं बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो देतो. (अल्टरनेटर म्हणायला हवं, पण नाशिकच्या कुठल्याही गॅरेजात जाऊन अल्टरनेटर म्हटलं तरी बिलावर ‘डायनॅमो’च लिहून येतं.) हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा बघा. तेव्हा १३ च्या जवळ घसरत असेल तर आधी बेल्ट बघा, मग डायनॅमो उतरवा. १५ च्या वर जात असेल तर डायनॅमोचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला; बॅटरीचं पाणी उडेल, बल्ब पटापट जातील. एक गोष्ट कुणालाही करू देऊ नका: चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘डायनॅमो चार्ज करतोय का’ बघणं. अ‍ॅम्बॅसेडरच्या जमान्यात ते खपून जायचं. आताच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीएम जाऊ शकतो. ईसीएम म्हणजे गाडीचा मेंदू, आणि तो भंगारात मिळाला तरी स्वस्त नसतो.

बॅटरी चांगली, डायनॅमो चांगला, तरी चार दिवस उभी राहिली की गाडी उठत नाही? मग काहीतरी झोपेतही करंट पितंय. बंद गाडीने ५० मिलिअँपिअरपर्यंत खाल्लं तर चालतं. ७५ अँपिअर-अवरची बॅटरी निम्मी व्हायला त्या हिशोबाने महिना लागतो. तेच ५०० मिलिअँपिअर झालं तर तीन दिवस. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात टाका, बॅटरीची मायनस काढून तिच्या आणि खांबाच्या मधे मीटर जोडा, दारं लावून अर्धा तास थांबा, मग वाचा. या अवस्थेत सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडतो, ती वाट. माझ्या ओळखीत आजवर सापडलेले चोर: बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम, जीपीएस ट्रॅकर, आणि मागच्या दाराचा न विझणारा दिवा. कंपनीच्या वायरिंगमधला एकही नाही. ‘चिमटा मारून’ जोडलेल्या वायरी, काळी टेप, आणि वर ‘काही होत नाही भाऊ’.

फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा टाकायचा. १५ चा उडतो म्हणून ३० चा टाकला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते. रिलेवर शंका असेल तर फ्यूज बॉक्समधला तोच नंबर असलेला हॉर्नचा रिले काढून तिथे लावून बघा. पैसे न खर्च करता उत्तर मिळतं. पावसाळ्यात घोटी-इगतपुरीच्या बाजूला जाणं-येणं असेल तर वायपरखालच्या जाळीत साचलेला पालापाचोळा काढत जा. तिथलं पाणी निघायचं भोक बुजलं की ते डाव्या पायाखालच्या गालिच्यात उतरतं आणि तिथल्या कनेक्टरला हिरवं करून सोडतं. मागचं वायपर, नंबरप्लेटचा दिवा आणि सेंट्रल लॉक एकदम बंद पडलं, तर मागच्या दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळी असते, ती सोलून बघा. पंधरा वर्षं दार उघड-बंद करून आतल्या वायरी तुटलेल्या असतात.

आता डिझेल. नाशिककर डिझेल इंजिनबद्दल जरा अधिकाराने बोलतो, कारण डिझेलचं नोझल आपल्या सातपूरला बनतं. कंपनीचं नाव २००८ मध्ये मायकोचं बॉश झालं, पण आपल्याकडे सर्कल अजून मायको सर्कलच. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे एकाच नळीतून (रेलमधून) सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं तिथे, ते हजार-दीड हजार बारच्या दाबाने इंजेक्टरच्या नोझलमधल्या केसाएवढ्या भोकांतून उडतं. तुलनेसाठी: टायरमध्ये हवा असते सव्वादोन बार. एवढ्या बारीक भोकांना पाणी आणि कचरा सोसत नाही, म्हणून डिझेल फिल्टर हा या गाडीतला सगळ्यात फायद्याचा स्वस्त पार्ट आहे. फिल्टरच्या खाली पाणी काढायचा स्क्रू असतो. तो सैल करून पावभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. मी पावसाळ्यानंतर एकदा हे करतो. बाटली बायकोच्या नजरेला पडू नये एवढीच काळजी.

सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागतो, एकदा उठली की दिवसभर त्रास नाही. याची दोन कारणं जास्त दिसतात आणि दोन्ही घरी वेगळी करता येतात. फिल्टरजवळ हँड पंप असतो. सकाळी सेल्फ मारण्याआधी तो कडक होईपर्यंत दाबा. मग गाडी पहिल्या फटक्यात उठली तर डिझेल रात्री टाकीकडे परत उतरतंय, म्हणजे पाइपमधून कुठेतरी एअर घेतेय. पाइपची क्लिप, फिल्टरचं पॅकिंग, हँड पंपाचा व्हॉल्व्ह बघा. पंप दाबून काहीच फरक पडला नाही आणि त्रास फक्त थंडीत होतो, तर हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन उठण्याआधी आतून तापवणारे प्लग. निफाडला काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली जातो. तिथल्या गाडीला चारपैकी दोन प्लग गेलेले असले तर पहाटे लगेच कळतं, मुंबईच्या गाडीला कित्येक वर्षं कळतही नाही. प्लगची वायर काढून मीटरने ओहम मोजा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही.

गाडी गरम झाल्यावर चालता चालता बंद पडते, अर्ध्या तासाने निवली की काही झालंच नाही अशी उठते? बंद अवस्थेत सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. तो जराही हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणाऱ्या सेन्सरवर, संशय घ्या. तो गरम झाला की आतली तार सुटते, ईसीएमला इंजिन फिरतंय हेच समजत नाही, मग तो डिझेल सोडत नाही.

धुराचं थोडक्यात: काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळसर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा पाण्याची वाफ. काळा धूर आणि पिकअप गायब, दोन्ही एकदम झालं तर इंजेक्टरच्या नावाने रडण्याआधी टर्बोपासून (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) इंटरकूलरपर्यंतचे (ती हवा थंड करणारी जाळी) जाड रबरी पाइप हाताने चाचपा. खालच्या बाजूला, जिथे डोळा जात नाही, तिथे चीर असते आणि तिच्याभोवती तेलकट काळं झालेलं असतं. जोर लावला की ‘फुस्स’ असा श्वास ऐकू येतो.

ईसीएममधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरबद्दल एवढंच, की तो गल्लीचा पत्ता देतो, घराचा नाही. पी-००८७ हा कोड आला म्हणजे रेलमधलं प्रेशर कमी आहे. लोक लगेच पंप बदलतात. पण चोक झालेला फिल्टर, एअर, गळका इंजेक्टर, कशानेही तोच कोड येतो. चांगला डिझेल मेकॅनिक चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपला चार सारख्या बाटल्या लावतो आणि इंजिन चालू ठेवतो. जी बाटली सगळ्यात आधी भरते, तो इंजेक्टर आतून गळतोय. कोड वाचून लगेच पार्टची किंमत सांगणाऱ्यापेक्षा बाटल्या लावणारा शोधा. आणि इंजिन चालू असताना प्रेशर पाइप स्वतः कधीही सैल करू नका. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत जातं.

गाडी तापण्याचा विषय कसारा घाटाशिवाय पूर्ण होत नाही. मे महिन्यात मुंबईहून येताना, सात माणसं, एसी चालू, आणि चढावर काटा वर. इथे ‘तापते’ एवढं सांगून भागत नाही. कधी तापते?

द्वारकेच्या आणि मुंबई नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये तापते पण हायवेला लागली की निवते, तर पंखा. जुन्या एसयूव्हीत बऱ्याचदा बेल्टवर चालणारा, मधे व्हिस्कस कपलिंग (गरम झालं की पंख्याला पकडणारा जोड) असलेला पंखा असतो. इंजिन गरम असताना बंद करा, चावी खिशात घाला आणि पंखा हाताने फिरवा. जड लागला तर कपलिंग ठीक. भिंगरीसारखा फिरत राहिला तर गेलं. उलट, गावात काही नाही पण घाट चढताना किंवा समृद्धीवर एका दमात तासभर पळवली की तापते, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोक, नाहीतर थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, अर्धवट उघडतोय. बाहेरून चोक म्हणजे नुसता चिखल नव्हे. लासलगाव-पिंपळगावकडे कायम फिरणाऱ्या एका मित्राच्या गाडीत एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीतून आम्ही मूठ-दोन मुठी कांद्याची टरफलं काढली होती. समोरून जाळी स्वच्छ दिसत होती.

आणि तिसरा प्रकार: थेंबही खाली पडत नाही, तरी पाणी कमी होतं, सकाळी थंड इंजिन चालू केल्याबरोबर रेडिएटरचा पाइप दगडासारखा कडक होतो, रेडिएटरच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येतात. हे हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. यावर रेडिएटर बदलून काही होत नाही, माझ्या साडूने बदलून बघितलाय.

सगळ्यात आधी मात्र झाकण तपासा. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिटी. साधारण एक बार दाब ते आत धरून ठेवतं, आणि त्या दाबाला साधं पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच, इथे उघड्या पातेल्यात पाणी शंभरीच्या आधीच उकळी फोडतं. झाकणाचं रबर फाटलं की गाडी त्या पातेल्यासारखी वागते: इंजिन ठीक, पंप ठीक, तरी पाणी उडवते. त्यामुळेच गरम गाडीचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. काटा वर गेला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल (हो, मे महिन्यातसुद्धा, हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच), आणि पहिली सुरक्षित जागा दिसली की बाजूला. वाफ येतेय आणि काटा मात्र अचानक खाली पडला, तर खूश होऊ नका. पाणी संपल्यामुळे सेन्सर कोरडा पडलाय. ताबडतोब इंजिन बंद.

‘थर्मोस्टॅट काढून टाका, प्रॉब्लेमच नको’ हा सल्ला आपल्याकडे फुकट मिळतो. थर्मोस्टॅट ८२ अंशांच्या आसपास उघडतो ते इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून. काढून टाकला की इंजिन थंडच पळतं, अ‍ॅव्हरेज पडतं, ईजीआरमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळी वाढते. बोअरचं पाणी रेडिएटरात टाकणं हाही तसलाच उद्योग. घरच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच आत चढतो.

खालचे आवाज ओळखायला शेजारी एक माणूस आणि गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतले स्पीडब्रेकर पुरतात. छोट्या खड्ड्यांवर खट-खट म्हणजे बहुधा स्टॅबिलायझरचा (गाडीला वळणावर कलू न देणाऱ्या दांडीचा) लिंक रॉड. हळू जाताना कुई-कुई म्हणजे सस्पेन्शनचे रबरी बुश. वेगाबरोबर वाढणारा ‘हूंऽऽ’ आवाज म्हणजे बेअरिंग किंवा टायर. हायवेवर मोकळ्या जागी गाडी किंचित डावीकडे वळवा; आवाज वाढला तर उजव्या चाकाचं बेअरिंग, कारण वजन त्या बाजूला गेलं. काहीच फरक नाही तर टायरवरून उलटा हात फिरवा, करवतीसारखे दात लागतील. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असा टायर मी समृद्धीच्या वेगाला लावणार नाही.

ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते, तर त्याच्या विरुद्ध बाजूचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) जाम असण्याची शक्यता जास्त. न दाबताही ओढते आणि प्रवासानंतर एकच रिम चटका बसण्याइतकी गरम लागते, तर तो त्याच बाजूचा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. कसारा उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. उतारावर गिअर खाली घ्या, इंजिनला धरू द्या. पेडल एकदा जरी तसं खाली गेलं असेल, तर मीटर, बाटल्या आणि माझा हा लेख बाजूला ठेवून गाडी तिथेच उभी करा आणि गॅरेजवाल्याला बोलावून घ्या.